लाल वाईनची पारख : मुरणे कोणते आणि बिघडणे कोणते

लोणचे मुरले की नाही हे पाहावयाचे असले, म्हणजे घरातील जाणती स्त्री बरणीचे झाकण उघडते, वास घेते, फोडीचा रंग पाहते आणि शेवटी एक फोड जिभेवर ठेवते. तिच्या दृष्टीने लोणच्याच्या तीन अवस्था असतात : कच्चे, मुरलेले आणि उतरलेले. पहिल्या अवस्थेत थांबावयाचे असते, दुसऱ्या अवस्थेत ते पानात वाढावयाचे असते आणि तिसरी अवस्था येण्यापूर्वी बरणी संपवावयाची असते. लाल वाईनची पारख याहून निराळी नाही. द्राक्षांच्या रसाचे किण्वन होऊन, ऊर्ध्वपातन न करता तयार होणाऱ्या या मद्यालाही कच्चेपण, मुरलेपण आणि उतरणे या तिन्ही अवस्था असतात.

तथापि या विषयासंबंधी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. ती म्हणजे, “जितकी जुनी, तितकी चांगली.” या समजुतीला आपल्याकडे जुना आधारही आहे. आसव जुने झाल्यावर अधिक गुणवान होते, असे शार्ङ्गधर संहितेत मानले आहे. परंतु लाल वाईनच्या बाबतीत ही समजूत अर्धीच खरी आहे. जगात तयार होणारी बहुतेक वाईन पहिल्या काही वर्षांतच पिण्यायोग्य असते. ती ठेवून सुधारत नाही, उलट उतरत जाते. वर्षानुवर्षे सुधारत जाणारी वाईन थोडी असते. ती कोणती आणि तिची योग्य वेळ कोणती, हे ओळखणे हेच या परीक्षेचे प्रयोजन होय.

विषयाचे महत्त्व

महाराष्ट्रात नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात वाईन निर्मितीस प्रारंभ केला. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये वाईनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाईन तयार झाली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. त्यानुसार नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन उद्यानांची योजना झाली. नाशिक, दिंडोरी, निफाड या तालुक्यांतील अनेक बागाईतदारांनी खाण्याच्या द्राक्षांच्या जोडीला शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों अशा वाणांच्या बागा उभ्या केल्या.

पुढे २००८ पासून जागतिक मंदी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर झालेला हल्ला यांमुळे पर्यटन व हॉटेल व्यवसायाची मागणी घटली. उत्पादन मात्र त्यापूर्वीच वाढून बसले होते. टाक्यांतून वाईनचा साठा पडून राहिला, काही कारखाने बंद पडले, बागाईतदारांच्या द्राक्षांना उठाव मिळेना आणि कित्येकांनी वाईनच्या वेली काढून टाकल्या. अशा प्रसंगी “साठा ठेवू, जुना झाला की भाव येईल” हा हिशेब चालत नाही. कोणती टाकी दोन वर्षे थांबू शकेल आणि कोणती याच हंगामात बाटलीत भरून विकली पाहिजे, हे वेळीच सांगणारा जाणकार परीक्षक हवा असतो. त्याचा निर्णय चुकला, तर तोटा कारखान्यापुरता राहत नाही. पुढल्या हंगामात घड वेलीवरच राहतात. म्हणून ही पारख चैनीची बाब नसून व्यवसायाच्या हिशेबाची बाब आहे.

नाशिकहून दिंडोरी, वणी, सापुतारा अशी एक वाट सुरतेकडे जाते. सुरत शहरातील गोडादरा, लिंबायत, उधना या भागांत कापड उद्योगाच्या निमित्ताने खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. दिंडोरीच्या शिवारात वाईनची बाग त्यांच्या दृष्टीस पडते; परंतु वाईन तेथवर जात नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा गुजरात राज्याने १९६० मधील स्थापनेपासून चालू ठेवला असून तेथे परवान्याविना मद्य बाळगणे वा सेवन करणे हा गुन्हा आहे. या कायद्याचे पालन करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य होय. मात्र पारख करण्याचे शास्त्र रंग, गंध आणि चव यांचे शास्त्र आहे. ते गोडादऱ्यातील शिक्षकालाही मद्याच्या थेंबाविना शिकवता येते. त्याची रीत लेखाच्या अखेरीस दिली आहे.

वेलीपासून सुरुवात

वाईन किती मुरेल, हे बरेचसे बागेतच ठरते. खाण्याच्या द्राक्षात मोठा मणी, पातळ साल आणि भरपूर गर हवा असतो. त्यासाठी बागाईतदार ‘जीए’ची फवारणी करून मण्याची फुगवण साधतो. वाईनच्या द्राक्षाचे गणित याच्या उलट आहे. लाल वाईनला रंग आणि तुरटपणा हे दोन्ही मुख्यतः सालीतून व काही प्रमाणात बियांतून मिळतात. मणी लहान असला म्हणजे रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. म्हणून वेलीवर घडांचा अतिरेकी भार घेतल्यास वजन भरते, परंतु रंग फिका, चव पातळ आणि आयुष्य अल्प अशी वाईन तयार होते.

नाशिक भागात एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. वाईनच्या द्राक्षांची तोडणी सामान्यतः जानेवारी ते मार्च या काळात येते. हिवाळ्यातील थंड रात्री रसातील आम्ल टिकवून धरतात. मार्चमध्ये ऊन वाढू लागले, की साखर झपाट्याने चढते आणि आम्ल उतरते. लाल वाईनसाठी साखर साधारणपणे २२ ते २४ ब्रिक्स असताना तोडणी करण्याचा प्रघात आहे. यापासून सुमारे १२ ते १४ टक्के मद्यार्क तयार होतो. परंतु केवळ साखरेवर नजर ठेवून चालत नाही. रसाचा सामू, म्हणजेच पीएच, ३.८ च्या वर गेला, तर रंग मंदावतो आणि संरक्षणासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडचा प्रभाव कमी पडतो. अशी वाईन फार काळ टिकत नाही.

बाटलीवरील वर्षासंबंधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फ्रान्समध्ये तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, तर नाशिकला त्याच वर्षाच्या आरंभी. म्हणून २०२० असा अंक असलेली नाशिकची वाईन त्याच अंकाच्या फ्रेंच वाईनपेक्षा सहा-सात महिन्यांनी वयस्क असते. दोहोंची तुलना करताना हे अंतर धरले पाहिजे.

मुरताना काय घडते

लाल रंग देणारी द्रव्ये म्हणजे अँथोसायनिन आणि तुरटपणा देणारी द्रव्ये म्हणजे टॅनिन. नव्या वाईनमध्ये ही दोन्ही बरीचशी सुटी असतात. सुट्या टॅनिनमुळे जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात. कच्चे केळे किंवा सुपारी खाल्ल्यावर तोंड आखडते, तसाच हा अनुभव असतो. काळ जातो तशी ही द्रव्ये एकमेकांशी जोडली जातात. रंग स्थिर होतो व हळूहळू विटकरी छटेकडे झुकतो. तुरटपणाची धार मोडते. काही जोडण्या इतक्या मोठ्या होतात, की त्या द्रवात न राहता बाटलीच्या तळाशी साका म्हणून बसतात. जुन्या लाल वाईनच्या तळचा साका हा म्हणूनच दोष नव्हे.

या कामात प्राणवायूचा वाटा आहे, हे लुई पाश्चर यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाईनविषयक ग्रंथात दाखवून दिले. ओकच्या सुमारे २२५ लिटरच्या पिंपात वाईन ठेवतात, त्याचे एक कारण हेच आहे. लाकडाच्या छिद्रांतून अल्पसा प्राणवायू आत जातो. तोच प्राणवायू अधिक झाला, तर वाईन मुरण्याऐवजी मावळते. थोडक्यात, मुरणे आणि बिघडणे यांमागची शक्ती एकच असून फरक प्रमाणाचा आणि गतीचा आहे.

गती ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे उष्णता. वाईन साठवण्यास १२ ते १४ अंश सेल्सियसचे स्थिर तापमान योग्य मानतात. नाशिकच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत घरच्या कपाटात ठेवलेली बाटली तळघरातील बाटलीपेक्षा फार लवकर म्हातारी होते आणि तिचे म्हातारपणही निरोगी नसते. परदेशी पुस्तकात “दहा वर्षे ठेवावी” असे लिहिलेले असते, ते थंड तळघर गृहीत धरून.

चाखण्याची तयारी

परीक्षेची जागा उजेडाची, वासरहित आणि शांत असावी. उदबत्ती, फोडणी, अत्तर, तंबाखू यांचा दर्प जवळपास नसावा. परीक्षकाने त्यापूर्वी पान, सुपारी वा तिखट खाल्लेले नसावे. पेला रंगहीन काचेचा, तोंडाशी किंचित निमुळता असावा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. अशा पेल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९७७ मध्ये ठरविण्यात आले असून त्याची धारणक्षमता सुमारे २१५ मिलिलिटर असते. त्यात केवळ ५० मिलिलिटर वाईन घ्यावी.

लाल वाईन “खोलीच्या तापमानाला” चाखावी असे सांगतात. परंतु ही खोली थंड देशातील आहे. आपल्याकडील ३० अंशांच्या खोलीत मद्यार्काचा भपकारा सर्व गंध झाकून टाकतो. म्हणून वाईन १६ ते १८ अंशांपर्यंत थंड करून घ्यावी. बाटलीवरील नाव कापडाने झाकावे. परीक्षक चाखलेली वाईन गिळत नाही, भांड्यात थुंकतो, हेही लक्षात घेणे अगत्याचे आहे. दहा-पंधरा नमुने गिळणाऱ्याची जीभ आणि बुद्धी दोन्ही परीक्षेस अपात्र ठरतात.

प्रथम रंग

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा आणि मध्यभाग व कडा यांचे रंग वेगवेगळे पाहावेत. नव्या लाल वाईनची कडा जांभळट असते. मुरू लागल्यावर ती माणकासारखी लाल, पुढे विटकरी आणि अखेरीस तपकिरी होते. मध्य आणि कडा यांतील छटांचे अंतर वयाबरोबर वाढत जाते. पांढरी वाईन वयाबरोबर गडद होते, तर लाल वाईन फिकी होते, हा साधा नियम विसरू नये.

रंग वयाशी ताडून पाहावा. दहा वर्षांच्या वाईनची कडा विटकरी असणे स्वाभाविक आहे. दोन वर्षांच्या वाईनची कडा तशीच दिसली, तर ती उष्णतेत वा हवेत उघडी पडली असण्याचा संभव आहे. बाटलीतील वाईनची पातळी बुचापासून फार खाली उतरली असल्यासही हीच शंका घ्यावी.

नंतर गंध

पेला न हलवता एकदा व गोल फिरवून दुसऱ्यांदा वास घ्यावा. गंधाचे तीन थर मानतात. पहिला थर फळाचा : जांभूळ, करवंद, काळे मनुके, मिरी. दुसरा थर किण्वनाचा आणि पिंपाचा : ताजा पाव, व्हॅनिला, लवंग, भाजलेले लाकूड. तिसरा थर मुरण्याचा : सुकवलेले फळ, वाळलेला पाला, पहिल्या पावसानंतरची माती, कमावलेले कातडे, तंबाखूचे पान. नव्या वाईनमध्ये पहिला थर पुढे असतो. मुरलेल्या वाईनमध्ये तिसरा थर उमटलेला असतो, पण पहिला पूर्णतः पुसला गेलेला नसतो. ज्या वाईनमध्ये फळाचा गंध लोपला असून केवळ पालापाचोळाच उरला आहे, तिची वेळ निघून गेली असे समजावे.

गंधाला नेमके नाव देणे ही सवयीची बाब आहे. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील अॅन नोबल यांनी यासाठी गंधांचे चक्र तयार केले. त्यातील पुष्कळ फळे आपल्याकडील परीक्षकाने कधी हुंगलेली नसतात. त्याने परकी नावे पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या ओळखीची नावे वापरावीत. जांभळाचा वास जांभळाचाच म्हणून लिहावा, म्हणजे वर्षभराने ती नोंद त्याला पुन्हा उपयोगी पडते.

शेवटी चव

छोटा घोट तोंडात सर्वत्र खेळवावा. आंबटपणाने जिभेच्या कडांना पाणी सुटते, तुरटपणाने हिरड्या कोरड्या पडतात, मद्यार्काने घशाशी ऊब जाणवते. हे तिन्ही एकमेकांना तोलून धरतात की एकच वरचढ होते, हे पाहावे. थुंकल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते, तेही मोजावे.

येथेच भविष्याचा अंदाज घ्यावयाचा असतो. तुरटपणा तीव्र आहे, आंबटपणा सजीव आहे आणि त्यांच्या मागे फळाची चवही भरपूर आहे, अशी वाईन आज कठोर वाटली तरी थांबण्याजोगी असते. तुरटपणा तीव्र, पण फळ अशक्त असेल, तर थांबून उपयोग नाही; तुरटपणा मऊ होण्यापूर्वी फळ संपून जाईल. तुरटपणा, आंबटपणा आणि फळ तिन्ही कमी असतील, तर ती वाईन याच वर्षी विकावी, हे उत्तम.

अनुभवी परीक्षक आणखी एक ढोबळ कसोटी लावतात. अर्धी बाटली पुन्हा बंद करून ते दुसऱ्या दिवशी चाखतात. चोवीस तास हवेचा स्पर्श सोसून जी वाईन टवटवीत राहते, तिच्यात आयुष्य शिल्लक आहे असे मानण्यास जागा असते. एका रात्रीत जी मावळते, तिला वर्षे देण्यात अर्थ नाही.

दोष कसे ओळखावेत

काही वास मुरण्याचे नसून बिघाडाचे असतात. शिरक्याचा वास आला, तर अॅसेटिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंचा शिरकाव झाला आहे. युरोपीय नियमांत लाल वाईनमधील या बाष्पशील आम्लाची मर्यादा लिटरला १.२ ग्रॅम अशी आहे. नखांच्या रंगासारखा वास हा त्याच बिघाडाचा सोबती होय. कुजक्या अंड्याचा वास गंधकाच्या संयुगामुळे येतो. तो सौम्य असल्यास पेला हलवल्यावर निघून जातो. तबेल्याचा दर्प ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टमुळे येतो. ओल्या वर्तमानपत्राचा वास बुचातून येतो. त्याला कारण असलेले ट्रायक्लोरोअॅनिसोल हे द्रव्य १९८२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी ओळखून दाखवले. लिटरमध्ये त्याचे काही नॅनोग्रॅमही नाकाला जाणवतात. आट्याचे झाकण वापरल्यास बुचातून येणारा हा दोष टळतो.

शिजलेल्या फळाचा, काकवीसारखा वास हा उष्णतेने भाजलेल्या वाईनचा. आपल्या हवामानात हा दोष विशेष जपून पाहावा. अनेक ग्राहक त्यालाच “जुनेपणाची चव” समजतात. पण कारखान्यात नीट तयार झालेली वाईन दुकानाच्या तापलेल्या फळीवर भाजली गेली, तर त्यात वेलीचाही दोष नाही आणि वयाचाही नाही.

एका साठ्याची नोंद

पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, दिंडोरी परिसरातील शिराझची एकाच टाकीतील वाईन एकाच दिवशी बाटल्यांत भरली. काही बाटल्या १४ अंशांच्या तळघरात ठेवल्या, काही कार्यालयातील कपाटात. सहा महिन्यांनी दोन्ही चाखल्या : कडा जांभळट, जांभूळ व मिरीचा गंध, तुरटपणा टोकदार. नोंद झाली, “कच्ची, थांबावे.” दोन वर्षांनी तळघरातील बाटलीची कडा माणकासारखी लाल, फळ शाबूत, तुरटपणा मऊ. नोंद झाली, “आता काढण्यास योग्य, आणखी दोन वर्षे टिकावी.” कपाटातील बाटलीची कडा मात्र विटकरी, वास काकवीचा, चव थोटकी. नोंद झाली, “उतरली.”

एकाच बागेच्या, एकाच टाकीच्या वाईनबद्दल हे दोन निकाल आले. नोंदवहीत साठवणीची जागा आणि तापमान लिहिलेले नसते, तर या बाटलीवरून साऱ्या टाकीस आणि पर्यायाने बागाईतदाराच्या द्राक्षांस दोष लागला असता. म्हणून प्रत्येक नोंदीत तोडणीचे वर्ष, बाटली भरल्याची तारीख, साठवणीची जागा व तापमान, चाखल्याची तारीख, रंग, गंध, चव आणि निर्णय एवढे रकाने असलेच पाहिजेत. कराराने द्राक्षे देणाऱ्या बागाईतदाराने अशी नोंद पाहण्यास मागावी आणि जमल्यास परीक्षेस स्वतः उपस्थित राहावे. आपल्या घडांचे पुढे काय झाले, हे समजल्यानेच पुढल्या छाटणीतील निर्णय सुधारतात. मांजरी, पुणे येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे मार्गदर्शनही या कामी उपलब्ध आहे.

गुण आणि निर्णय

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत १९५९ मध्ये वीस गुणांची पत्रिका तयार करण्यात आली. रूप, रंग, गंध, आम्लता, तुरटपणा, एकंदर दर्जा यांना तीत निरनिराळे गुण आहेत. शिकाऊ परीक्षकास अशी पत्रिका उपयुक्त ठरते, कारण ती त्याला एकही अंग विसरू देत नाही. परंतु पत्रिकेवरील बेरीज आजची अवस्था सांगते, उद्याची नव्हे. “आजचा दर्जा” आणि “पुढील आयुष्य” हे दोन निर्णय स्वतंत्र ठेवणे इष्ट होय.

यासंबंधी पॅरिस येथील प्रसंग उद्बोधक आहे. २४ मे १९७६ रोजी तेथे फ्रेंच परीक्षकांनी फ्रान्स व कॅलिफोर्निया येथील लाल वाईन नावे झाकून चाखल्या. पहिला क्रमांक कॅलिफोर्नियातील ‘स्टॅग्ज लीप’च्या १९७३ च्या वाईनला मिळाला. या नव्या प्रदेशातील वाईन आज मोहक असली, तरी फ्रेंच वाईनप्रमाणे टिकणार नाही, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच लाल वाईन पुन्हा चाखण्यात आल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाले. आणि सर्वांत वर होती ‘रिज मॉन्टे बेलो’ची १९७१ ची वाईन, जिचा १९७६ मधील क्रमांक पाचवा होता. तरुणपणीचा क्रम आणि मुरल्यानंतरचा क्रम एकच नसतो, हा त्यातील पहिला धडा. नव्या प्रदेशाविषयी आधीच ग्रह करून घेऊ नये, हा दुसरा धडा नाशिकलाही लागू पडतो. मात्र तो नोंदीने सिद्ध व्हावयास हवा, अभिमानाने नव्हे.

नाव झाकण्याचे महत्त्व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील प्रयोगानेही पटते. चोपन्न विद्यार्थ्यांना लाल रंग घातलेली पांढरी वाईन देण्यात आली असता, त्यांनी तिच्या गंधाचे वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला फसविले. जे शिकलेल्यांना फसविते, ते सामान्य माणसास फसविणारच.

शाळेसाठी व दारूबंदी क्षेत्रासाठी सराव

गोडादऱ्यासारख्या ठिकाणी किंवा कोणत्याही शाळेत पुढील प्रयोग मद्याविना करता येतात.

पहिला प्रयोग रंगाचा. काळ्या द्राक्षांची किंवा जांभळांची साल पाण्यात कुस्करून रस काढावा. एका पेल्यात लिंबू पिळावे, दुसऱ्यात खाण्याचा सोडा टाकावा. लिंबाचा रस लाल खुलतो, सोड्याचा निळसर-हिरवट होतो. आम्ल घटले की लाल रंग का मंदावतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

दुसरा प्रयोग तुरटपणाचा. कोरा चहा तीन मिनिटे आणि पंधरा मिनिटे भिजवून दोन्ही चाखावेत. नंतर दुसऱ्यात थोडे दूध घालावे. दुधातील प्रथिने टॅनिनला बांधून टाकतात व तोंड आखडणे कमी होते. टॅनिन लाळेतील प्रथिनांनाही असेच बांधते, म्हणून जीभ कोरडी पडते.

तिसरा प्रयोग पूर्वग्रहाचा. एकाच लिंबाच्या सरबताचे तीन पेले करून त्यांपैकी एकात खाण्याचा लाल रंग टाकावा. कोणते अधिक गोड, हे मुलांनी आधी उघड्या आणि मग झाकल्या डोळ्यांनी सांगावे.

चौथा प्रयोग काळाचा. लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या एकाच दिवशी भराव्यात. एक अंधाऱ्या थंड जागी, दुसरी उन्हाच्या खिडकीत ठेवावी. आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी रंग, वास व चव वहीत नोंदवावी. शिक्षकांनी या नोंदीला उत्तराइतकेच गुण द्यावेत.

समारोप

वय ही गुणवत्तेची हमी नव्हे. वेलीवरचा भार, तोडणीचा दिवस, किण्वनातील स्वच्छता आणि साठवणीचा गारवा ही चारही अंगे जुळली, तरच काळ वाईनला मुरवतो. एक जरी ढळले, तरी तोच काळ तिला उतरवतो. हे वेळीच ओळखण्यासाठी लखलखीत तळघर किंवा परकी शब्दावली लागत नाही. स्वच्छ पेला, झाकलेले नाव, प्रामाणिक जीभ आणि तारखेसह लिहिलेली वही एवढ्यावर काम भागते. बागाईतदार, कारखानदार आणि परीक्षक या तिघांनी ही वही समान विश्वासाने चालवली, तर साठा उतरण्यापूर्वी तो विकला जाईल, थांबण्याजोगी वाईन थांबेल आणि पुढल्या जानेवारीत वेलीवर घड वाट पाहत राहणार नाहीत.